शंका-समाधान : डोब्झान्स्की, चिलटं आणि ‘ईश्वर किंवा निसर्ग’

प्रश्न (निवृत्त विज्ञानशिक्षक, सातारा) : ‘उत्क्रांतीच्या प्रकाशात पाहिल्याशिवाय जीवशास्त्रातलं काहीच उमगत नाही’ हे आनुवंशिकीतज्ज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्कींचं वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. आता कळतं, की त्याच लेखात ते स्वतःला निर्मितीवादी, म्हणजे सृष्टी ईश्वराने घडवली असं मानणारे, म्हणवतात. खरं काय मानायचं?

उत्तर : दोन्ही. लेख मार्च १९७३चा, ‘अमेरिकन बायॉलॉजी टीचर’ या शिक्षकांच्याच नियतकालिकातला. मी निर्मितीवादी आहे आणि उत्क्रांतिवादीही, असं ते त्यात म्हणतात. उत्क्रांती ही ईश्वराची किंवा निसर्गाची निर्मिती करण्याची रीत. इसवी सनापूर्वी ४००४ साली उरकून टाकलेली ती घटना नव्हे, ते काम अजून चालू आहे, असा त्यांचा मुद्दा. (४००४ हे साल आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात बायबलच्या आधारे काढलं होतं.) हे विधान उचलणारे बहुतेक जण त्यातला ‘किंवा’ गाळतात. त्याच लेखात ते विचारतात, की प्रत्येक जात वेगळी घडवायची आणि मग बहुतेक जाती नष्ट होऊ द्यायच्या, यात कसली योजना? उत्क्रांती नाकारणाऱ्यांच्या हाती हा माणूस लागत नाही.

ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतले. १९६७ साली त्यांनी ‘द बायॉलॉजी ऑफ अल्टिमेट कन्सर्न’ लिहिलं. शीर्षकातला ‘अल्टिमेट कन्सर्न’ हा शब्दप्रयोग ईश्वरशास्त्रज्ञ पॉल टिलिख यांचा. जेझुइट या कॅथलिक संघातले पुराजीवशास्त्रज्ञ तेयार द शार्दँ यांची डोब्झान्स्कींवर छाप होती आणि १९७३च्या लेखाचा शेवटही तेयार यांच्याच अवतरणापाशी येतो. उलट डोब्झान्स्कींचे शिष्य फ्रान्सिस्को अयाला, जे स्वतः एके काळी डोमिनिकन धर्मगुरू होते, लिहितात की व्यक्तिरूप ईश्वर आणि मरणोत्तर जीवन या गोष्टी डोब्झान्स्कींनी मानल्या नाहीत. आमच्या मते त्यांना भाबडे भाविक म्हणणं आणि छुपे नास्तिक म्हणणं, दोन्ही आळशीपणाचं आहे.

प्रश्न (वाचक, डोंबिवली) : ते रशियन की अमेरिकन?

उत्तर : जन्म १९००चा, रशियन साम्राज्यातल्या, आताच्या युक्रेनमधल्या नेमिरिवचा. कीव्हला शिक्षण, सुरुवातीचं संशोधन ढालकिड्यांवर, म्हणजे लेडीबर्डवर. १९२७ साली शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला आनुवंशिकीतज्ज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत आले ते परतले नाहीत. १९३७ साली अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी ‘जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तकही आलं. निधन १९७५, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे.

प्रश्न (बीएस्सीचा विद्यार्थी, लातूर) : नैसर्गिक निवड त्यांनी ‘मोजून दाखवली’ असं म्हणतात. मोजलं काय?

उत्तर : गुणसूत्राच्या मांडणीचं प्रमाण. गुणसूत्राचा मधला तुकडा तुटून उलटा जोडला गेला की त्याला इन्व्हर्जन म्हणतात. ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या चिलटाच्या तिसऱ्या गुणसूत्रात अशा अनेक मांडण्या आहेत; ‘स्टँडर्ड’ आणि ‘चिरिकाहुआ’ या त्यांतल्या दोन. कॅलिफोर्नियातल्या सान हासिंतो डोंगरावर ‘स्टँडर्ड’चं प्रमाण वसंतात घटतं नि उन्हाळ्यात वाढतं, ‘चिरिकाहुआ’चं नेमकं उलट.

डोंगरावर दिसलं ते प्रयोगशाळेत, चिलटं वाढवायच्या पेटीत पडताळलं. पेटीच्या तळाला भोकं, त्यांत खाद्याचे कप. कप पाळीपाळीने बदलत राहायचं, म्हणजे वस्ती पिढ्यान् पिढ्या दाटीतच वाढते. नमुन्यासाठी पेटीतली अंडी काढून अळ्या बाहेर मुबलक खाद्यावर वाढवायच्या. नाहीतर उपासमारीत एका मांडणीच्या अळ्या जास्त मरतील आणि मोजणी तिथेच बिघडेल. १५० अळ्या तपासल्या की ३०० गुणसूत्रं हाती येतात. २५ अंश सेल्सिअसला ‘स्टँडर्ड’ सुमारे ७० टक्क्यांवर येऊन थांबली, १०० वर गेली नाही, कारण दोन्ही मांडण्या एकेक बाळगणारी संकर चिलटं सर्वांत तगडी ठरतात. १६ अंशांच्या आसपास मात्र प्रमाण ढिम्म हललं नाही. शाबासकी आम्ही या दुसऱ्या निकालाला जास्त देऊ : परिस्थिती बदलली आणि निवडच दिसेनाशी झाली.

प्रश्न (एमएस्सीची विद्यार्थिनी, नाशिक) : चिलटाच्या अळीच्या लाळग्रंथींच्या स्लाइडवर इन्व्हर्जनचं वेटोळं दिसतच नाही. शिवाय गुणसूत्रं बारीक आणि फाटलेली येतात.

उत्तर : वेटोळं न दिसण्यात तुमच्या हाताचा दोष बहुधा नाही. आईकडून एक मांडणी आणि बापाकडून दुसरी आली, तरच जुळताना एका गुणसूत्राला वळसा घ्यावा लागतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं आपसात वाढलेल्या बाटलीत दोन्ही प्रती सारख्याच निघण्याची शक्यता दांडगी. फळबाजारातली मादी पकडा, तिच्या पहिल्याच पिढीच्या अळ्या घ्या. आपल्याकडे सहज सापडणाऱ्या ड्रॉसोफिला अनानासी या चिलटात तीन इन्व्हर्जनं सर्वदूर आढळतात. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांवर दीर्घ काम झालं आहे.

गुणसूत्रं बारीक येतात ती अळ्यांच्या उपासमारीमुळे. बाटलीत गर्दी करू नका, वर यीस्टची पेस्ट घाला, १८ अंशांना वाढवा. वेळ लागतो, पण अळी धष्टपुष्ट होते. काचेवर चढू लागलेली, पण कोश न केलेली अळी उचला. ०.७ टक्के मिठाच्या पाण्यात एक सुई तोंडाच्या काळ्या आकड्यांवर, दुसरी धडावर ठेवून हलकेच ओढा. पारदर्शक, लांबट पिशव्या त्या ग्रंथी. कडेची अपारदर्शक पांढरी चरबी खरवडून टाका, नाहीतर पेशी पसरत नाहीत. ॲसिटो-ऑर्सिन या रंगात १० ते १५ मिनिटं पुरे. मग कव्हरस्लिप, वर टिपकागद आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. फाटतात ती इथे : दाबताना कव्हरस्लिप तसूभर जरी सरकली तरी गुणसूत्रं वळकटीसारखी गुंडाळली जातात. आधी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके ठोके देऊन पेशी फोडा, एक कोपरा दुसऱ्या हाताने धरा, मगच दाबा.