काकांचं घर आणि तुझा गडगा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

शेजारच्या काकांचं आंजर्ल्यातलं घर विकत घेऊन, रंगरंगोटी करून पुण्याच्या माणसाला चढ्या भावानं द्यायचं, असा तुझा बेत कळला. बेत वाईट नाही. पण रंगात पैसा नाही. एका पावसात चुना उतरतो, आणि वाशांना वाळवी लागली आहे का हे घेणारा टाचणी टोचून बघतोच.

नफा कुठे आहे ते सांगतो. काकांच्या घरी जायला पाखाडीच्या पायऱ्या उतराव्या लागतात. गाडी वरच्या रस्त्यावर लावायची, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घ्यायचं, ओल्या चिऱ्यांवरून पाय जपत खाली जायचं. मागे दोन गिऱ्हाइकं याच पाखाडीवरून माघारी गेली, हे तूच लिहिलं आहेस. आणि तुझं परडं मात्र थेट रस्त्याला लागून! कुंपणाच्या गडग्याकडेनं दहा फुटांची पट्टी वहिवाटीसाठी नोंदणी करून दिलीस, तर गाडी त्यांच्या खळ्यात उतरेल. ही वाट तुझ्याशिवाय कोणी देऊ शकत नाही, ना एजंट, ना बिल्डर. मात्र एकदा नोंदवलेली वाट कायमची. उद्या तुला तिथे घर वाढवायचं असेल तर ते आधी ठरव.

आता कागद. घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा म्हणजे मालकी नव्हे. जमीन सातबाऱ्यावर असेल तर ‘इतर हक्क’ नीट वाच. आपल्याकडे घर एकाचं आणि जागा दुसऱ्याची असं सर्रास असतं. कुळाचा शेराही तिथेच सापडेल. जमीन अजून शेतीची असेल तर शेतकरी नसलेल्या पुणेकराला ती परवानगीशिवाय घेता येणार नाही. मग तुझा सगळा हिशेब तिथेच अडला.

मी स्वतः यात पोळलोय. गुहागरात एक घर घेतलं, भावांच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. लग्न होऊन डोंबिवलीला गेलेल्या बहिणीला कोणी विचारलंच नव्हतं. चूक माझी, फेरफारातली वारसनोंद मीच धड पाहिली नव्हती. हक्कसोडपत्र मिळेपर्यंत दोन पावसाळे गेले, कौलं फुटली, गिऱ्हाईक गेलं. पुढे त्या बाईंनी सही केली, पण आधी चहासुद्धा दिला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. तेव्हा काकांच्या बहिणींना आधी भेट. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा सगळे एका ओटीवर सापडतात.

समुद्र जवळ आहे म्हणून मजला चढवायची स्वप्नं विकू नकोस. कमी वस्तीच्या किनारी गावात भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला बंदी असते. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती होते, जोतं वाढत नाही. घेणाऱ्याला हे आधीच सांग.

कराचंही बघ. घर घेतल्यापासून २४ महिन्यांच्या आत विकलंस तर नफा तुझ्या नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो. त्यानंतर विकलंस तर सध्या साडेबारा टक्के. म्हणून मी म्हणतो, घर विकत घेऊच नकोस. काकांशी लेखी ठरव: त्यांना आज मिळतोय तो भाव पूर्ण त्यांचा, वाट दिल्यामुळे जे वर मिळेल त्यात दोघांचा वाटा, आणि खरेदीखत काका थेट गिऱ्हाइकालाच करून देतील. तुझं भांडवल अडकत नाही, दोनदा मुद्रांक भरावा लागत नाही. नफा थोडा कमी दिसेल, दिसू दे. तू पुढे किती भावाला विकलंस हे काकांना वाडीतून कळण्यापेक्षा हे बरं. त्या घरातून तुम्हाला वर्षानुवर्षं फणसाचे गरे येत आलेत.

रविवारी टेप घेऊन गडग्यापाशी जा. एक टोक तू धर, दुसरं काकांच्या हातात दे. किती फूट भरलं ते मला कळव.

तुझा,
गुहागरचा काका