एफडी मोडून भरतकामाचं मशीन घ्यावं का?

प्रश्न: मी कोथरूडची, वय 61. आमचा सोळा जणींचा बाहुल्या करणाऱ्यांचा गट आहे. दसऱ्याला चिठ्ठ्या टाकतो, जिचं नाव निघेल तिच्यासाठी हातानं बाहुली करतो आणि दिवाळीआधीच्या रविवारी एकमेकींना देतो. साहित्याचा खर्च आजवर 500 रुपयांच्या आत ठेवत होतो, यंदा 1,500 करावा असं चाललंय. घाऊक खरेदीसाठी प्रत्येकीचे 3,000 माझ्या खात्यात जमा करायचे, असंही ठरतंय. मला 68,000 चं कॉम्प्युटराइज्ड भरतकामाचं मशीन घ्यायचंय. 14 महिन्यांपूर्वी 7.25 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी मोडू का? एका बाहुलीला मला 18 तास लागतात, मशीननं तीनेक वाचतील. गेल्या वर्षी नणंदेच्या ओळखीत तीन बाहुल्या 1,200 ला विकल्या, साहित्य 380 चं होतं. म्हणजे पुढे विकताही येतील. दोघांचं मिळून पेन्शन 34,000, खर्च 27,000. बाकी पुंजी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत. मेडिक्लेम 3 लाखांचा. यजमानांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं डॉक्टर बोललेत.

उत्तर: ताई, गुडघ्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करते. मशीनच्या दुकानात जाण्याआधी मेडिक्लेमची पॉलिसी काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींत सांधेबदलाला ठरावीक वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, खोलीच्या भाड्याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा ओलांडली की बाकीच्या बिलातही कात्री लागू शकते. वरचा फरक खिशातून जातो. पोस्टातले पैसे मुदतीआधी काढले तर कपात होते. म्हणजे चटकन हाती येईल अशी तुमची रक्कम एकच, ही एफडी. ती मोडू नका.

कारण दंड मोठा आहे असं नाही. मोडलीत तर बँक साधारणपणे जितके महिने पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर धरते आणि त्यातून अर्धा ते एक टक्का कापते. तुमच्या हाती 7.25 ऐवजी पावणेसहा टक्के आले असं धरलं, तरी 14 महिन्यांचं नुकसान सव्वीसशे रुपयांच्या आसपास. एवढ्यासाठी मी कुणाला अडवत नाही. एफडीवर कर्ज काढायचं म्हणाल, तर व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लागेल आणि ऑपरेशनच्या वेळी तीच ठेव बँकेकडे अडकलेली असेल.

आता विक्रीकडे येऊ. एका बाहुलीमागे तुमच्या हाती 820 रुपये राहतात. 68,000 वसूल व्हायला 83 बाहुल्या विकाव्या लागतील. मशीन आल्यावर बाहुलीला 15 तास धरले तरी साडेबाराशे तास होतात. रोज चार तास बसलात, एकही सुट्टी घेतली नाहीत, तरी दहा महिने. एवढं करून तुमची मजुरी शून्य. प्रदर्शनात टेबल लावलंत आणि दोन दिवसांचं भाडं सहा हजार पडलं, तर पहिल्या आठ बाहुल्या त्या टेबलासाठीच विकल्या म्हणायच्या.

शिवाय मशीन तुमची खरी अडचण सोडवत नाही. वेळ जातो तो चेहरा काढण्यात, केस बसवण्यात, बोटं उलटवून भरण्यात. ते हातानंच होणार. साडीचे काठ आणि पोलक्यावरची नक्षी तेवढी मशीन करून देईल, आणि तेवढं काम मशीनचं भरतकाम करून देणाऱ्याकडून नगावर करून घेता येतं.

मैत्रिणींचं कौतुक खरंच असणार, त्याबद्दल शंका नाही. पण चिठ्ठीत नाव निघाल्यामुळे फुकट मिळालेल्या बाहुलीचं कौतुक वेगळं आणि पाकिटातून बाराशे काढणं वेगळं. तुमच्याकडे पुरावा तीन बाहुल्यांचा आहे, तोही नणंदेच्या ओळखीतला. या दिवाळीला अनोळखी दहा जणांकडून निम्मे पैसे आगाऊ घेऊन ऑर्डर मिळतात का पाहा, किंमत 1,800 सांगून. मिळाल्या तर मला पुन्हा लिहा, आपण नव्यानं हिशेब मांडू. जीएसटीची धास्ती नको. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. मात्र 14 वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणं म्हणून विकणार असाल, तर 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा त्या नोंदणीच्या ‘पहचान’ कार्डाची चौकशी आधी करा.

हे सगळं वाचून तुम्ही हिरमुसाल, म्हणून सांगते: छंदावर खर्च करा. धंद्याचं निमित्त लावल्याशिवाय स्वतःसाठी पैसे खर्चायचे नाहीत, ही सवय मला बायकांच्या पत्रांत फार दिसते. महिन्याला तुमचे 7,000 उरतात. त्यातले 1,500 बाहुल्यांचे, कुणाला हिशेब न देता. उरलेल्यातून 2,000 ची आवर्ती ठेव सुरू केलीत, तर वर्षाच्या आत चांगलं झिगझॅग शिलाई मशीन येईल. ते 68,000 च्या मशीनच्या चौथाई किमतीत मिळतं आणि बाहुल्यांच्या कपड्यांना पुरतं.

आता गटाचे 48,000. ते तुमच्या खात्यात मुळीच घेऊ नका. मैत्रिणी चांगल्या आहेत, पण तुम्ही आजारी पडलात तर खातं हाताळणाऱ्या घरच्यांना त्यातले तुमचे किती आणि त्यांचे किती, हे कळणार नाही. मग लेस उरली, कापूस कमी आला, की फोन तुम्हालाच येणार. रविवार पेठेत बोहरी आळीला एकत्र जा, भाव एकत्र ठरवा आणि जिनं तिनं आपल्या मालाचे पैसे दुकानदाराला तिथेच द्यावेत. घाऊक भाव माल एकत्र उचलल्यानं मिळतो, पैसे एका खात्यात असल्यानं नव्हे.

मर्यादा 1,500 करण्याला माझा विरोध आहे, आणि तो तुमच्यासाठी नाही. तुम्हाला परवडेल. सोळा जणींत जिला परवडणार नाही ती बैठकीत गप्प बसेल आणि पुढच्या वर्षी काहीतरी कारण सांगून येणार नाही. 700 करा म्हणावं. त्यात विकत आणलेलं सगळं धरायचं, परदेशी काचेचे डोळेसुद्धा. घरातल्या जुन्या साडीचे काठ, उशीतला कापूस आणि नातवाच्या तुटलेल्या खेळण्यातली तार मात्र हिशेबात घ्यायची नाही.