‘विना’वर लागली म्हणजे काय?

प्रश्न : सून डी.एड. झाली आहे. जवळच्या एका शाळेत तिला ‘विनाअनुदानित तत्त्वावर’ घेणार आहेत. एक जण म्हणतो, पगारच नसतो. दुसरा म्हणतो, पुढे शंभर टक्के होईल. या शब्दाचा अर्थ काय धरायचा?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : शाळा विनाअनुदानित, तत्त्व मात्र ‘विनाअनुदान’. जाहिराती लिहिणाऱ्यांना हे कोण सांगणार! ‘विनापरवाना’सारखा हा शब्दही जोडूनच लिहायचा. शिक्षकांच्या तोंडी मात्र नुसतं ‘विना’च उरतं : “सर अजून विनावरच आहेत.”

अर्थ एवढाच, की शासन त्या शाळेच्या पगारासाठी पैसे देत नाही. ‘बिनपगारी’ असा त्याचा अर्थ कुठल्याही कायद्यात नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळेलाही लागू आहे. पगाराचा भार संस्थेवर. माझी नोकरी शाळेच्या कार्यालयात पगारबिलं करण्यात गेली. सही एका आकड्यावर आणि हातात भलतंच, हे डोळ्यांनी पाहिलंय.

आता ‘पुढे शंभर टक्के’चं, म्हणजे पूर्ण पगाराच्या अनुदानाचं. 2001 मध्ये शासनाने नव्या शाळांच्या मान्यतेत ‘कायम’ शब्द घातला, झाली ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे अनुदान कधीच नाही. 2009 मध्ये तो काढला. शब्द गेला, पैसे काही आले नाहीत. मग मूल्यांकन, मग पात्र शाळांच्या याद्या, त्यात घोषित (यादीत नाव जाहीर झालेल्या) आणि अघोषित, आझाद मैदानावर उपोषणं. 2016 मध्ये पगाराच्या अनुदानाचे पहिले 20 टक्के मिळाले. तिथून टप्प्याटप्प्याने 40, 60. अशा शाळेला ‘अंशतः अनुदानित’ म्हणतात. तेवढ्यात काहींची निवृत्तीही आली.

मान्यतापत्रावर ‘स्वयंअर्थसहाय्यित’ असेल तर गोष्टच वेगळी. त्या शाळा 2012 च्या कायद्याखालच्या, त्यांना अनुदान नाहीच. तिथे कोणी शंभर टक्क्यांचं गाजर दाखवलं तर ती शुद्ध थाप समजा. एकाच इमारतीत काही तुकड्या अनुदानित, काही विना, असंही असतं. म्हणून नेमणूक कोणत्या तुकडीवर, तेही विचारा.

मान्यतापत्र बघायला मागा. नेमणुकीचा आदेश लेखी घ्या आणि शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता (तिच्या नावाच्या नेमणुकीला मंजुरी) कधी घेणार, हे संस्थेकडून वदवून घ्या. ती नसेल तर उद्या शाळेला अनुदानाचा टप्पा मिळाला तरी सूनबाईंचं नाव पगारबिलात येणार नाही. ‘अनुदान येणारच आहे’ म्हणत कोणी आधी रक्कम मागितली, तर तिथूनच परत फिरा.

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पहिली ते आठवीला शिकवायचं तर तीही लागते.