बी.कॉम. झालंय, कम्प्युटरचा गंध नाही. एमसीए करता येईल का?

हो, येईल. एमसीएला, म्हणजे कम्प्युटर अॅप्लिकेशन्सच्या पदव्युत्तर पदवीला, कुठल्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के, राखीवला ४५ टक्के लागतात आणि महाराष्ट्रात सीईटी सेलची (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची) एमसीए सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. २०२० पासून हा अभ्यासक्रम तीनऐवजी दोन वर्षांचा झाला, त्यामुळे कम्प्युटरची पार्श्वभूमी नसलेल्यांना ब्रिज कोर्स, म्हणजे पाया भरून काढणारा पूरक अभ्यासक्रम, करावा लागतो. मी तोच शिकवते. कॉमर्सची मुलं सी प्रोग्रॅमिंगमध्ये पॉइंटरपाशी (मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलपाशी) हमखास अडतात, पण डेटाबेसमध्ये पुढे असतात. डेटाबेसमधलं ट्रान्झॅक्शन म्हणजे दोन्ही नोंदी होतील किंवा एकही नाही, हे जमा-नावे लिहिलेल्याला लगेच कळतं. ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), बँकिंग सॉफ्टवेअर अशा कामांत हिशेबाची ही समज फार मोलाची असते, तिला कमी लेखू नका.

अडचण एकच, गणित. बारावीला किंवा पदवीला गणित नसेल, तर अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि कॉलेजची अट नीट वाचा. सीईटीतही गणित-संख्याशास्त्र असतंच. प्रवेशाआधी हाताशी दोन महिने असतील तर ते पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा यांना द्या, रोज स्वतः कोड टाइप करून. नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही.