सीझरची तालीम सुरू करण्याआधी

प्रिय मित्रा,

शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ बसवताय आणि सीझर तुझ्याकडे आलाय, हे वाचून बरं वाटलं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच सांगलीत, हे आता तुला जो तो ऐकवेल. ते ओझं घेऊन तालमीला जाऊ नकोस.

सीझर मग्रूर होता, कुणाचं ऐकलं नाही, म्हणून मेला, असं तू लिहितोस. मला हे पटत नाही. पहिल्या अंकात सावध राहा म्हणणाऱ्या भविष्यवाल्याला तो झटकतो, ते ठीक. सगळ्या गावासमोर सत्ताधीशानं दुसरं काय करायचं? पण दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश नीट वाच. त्याच्या बायकोला, कॅल्पर्नियाला, स्वप्न पडलंय, की सीझरच्या पुतळ्यातून रक्ताच्या धारा उडतायत आणि रोमन लोक हसत हसत त्यात हात बुडवतायत. बळी दिलेल्या जनावरात काळीजच सापडलं नाही, असा निरोप येतो. ‘भित्रे मरणाआधी कितीदा तरी मरतात’ हे प्रसिद्ध वाक्य तो टाकतो खरा, पण त्यानंतर बायकोचं ऐकतो! घरी थांबायचं कबूल करतो. हा क्षण बहुतेक नट घाईत उरकतात. तू तिथे खरंच थांब, खरंच सुटल्यासारखा हो.

मग खुनाच्या कटातला डेशियस त्याला न्यायला येतो. तो स्वप्न नाकारत नाही, फक्त अर्थ बदलतो: रोमला तुझ्या रक्तातून नवं बळ मिळेल. वर, आज सिनेट मुकुट देणार आहे आणि बायकोच्या स्वप्नापायी गेला नाहीस तर लोक हसतील. झालं. सीझर झगा मागतो.

आपल्याकडे 2019 च्या पुरात वेगळं काय झालं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी तासातासाला कळत होती, 45 फुटांना धोका हे पोरासोरांना पाठ. तरी कितीतरी घरं हलली नाहीत, कारण ‘2005 च्या पुरापेक्षा वर येत नाही’. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ती माणसं मग्रूर नव्हती. त्यांना सोयीचा अर्थ मिळाला होता.

म्हणून छाती काढून, आवाज चढवून सीझर करू नकोस. ‘सीझर जाणार’ असं तो स्वतःबद्दलच परक्यासारखं बोलतो ना, तिथे जरा घाबरलेला माणूस दिसू दे. डाव्या कानानं ऐकू येत नाही हे तो स्वतः सांगतो, तेवढंच वाक्य अगदी साधं बोल. कटाची सूचना देणारा आर्टेमिडोरसचा कागद बाजूला सारताना तुच्छता नको, चारचौघांतला मोठेपणा पुरे. मरण ठाऊक असल्यासारखा चेहरा तर मुळीच नको. ते प्रेक्षकाला ठाऊक आहे, तुला नाही.

डेशियस कोण करतंय ते कळव. तो कच्चा असला, तर तुझ्या प्रवेशाआधी त्याच्याबरोबर चार दिवस बसावं लागेल. मी येतो.

तुझा,
काका