वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

एका वाचकाने विचारले आहे की वॉकर या इंग्रजी आडनावाचा अर्थ ‘चालणारा’ असाच आहे ना, आणि हे आडनाव मूळचे इंग्लंडच्या कोणत्या भागातले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते ठासून द्यावे लागते, कारण जॉनी वॉकर या प्रसिद्ध स्कॉच व्हिस्कीच्या बाटलीवरचा, लांब ढांगा टाकणारा टोपीवाला १९०८ पासून नेमका चुकीचा अर्थ लोकांच्या मनावर ठसवत आला आहे.

वॉकर हा लोकरी कापडाच्या धंद्यातला कारागीर होय. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ आणि तेलकट असते. ते पाण्यात भिजवून, त्यात मुलतानी माती किंवा शिळे मूत्र घालून तुडवले अथवा कुटले, म्हणजे लोकरीची ओशट निघून जाते, तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड आटून दाट होते. मुलतानी मातीला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात, त्यातला फुलर आणि आपला वॉकर यांचे काम एकच. चौदाव्या शतकात विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या प्रेरणेने झालेल्या इंग्रजी बायबलात येशूची वस्त्रे उजळल्याचा जो प्रसंग आहे, त्यात पृथ्वीवरचा कोणताही ‘फुलर किंवा कापडाचा वॉकर’ ती इतकी शुभ्र करू शकणार नाही, असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

आडनावांचे कोश येथपर्यंत बहुधा बरोबर येतात. मात्र ‘तो कापडावर चालत असे, म्हणून वॉकर’ असे जे सोपे स्पष्टीकरण पुढे वारंवार जोडले जाते, ते मला कधीच पटलेले नाही. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घुसळणे, उसळणे असा होता, आणि समुद्राच्या लाटांच्या खळबळीला त्या काळचे कवी याच धातूपासून झालेला ‘गेवेआल्क’ हा शब्द वापरत. पायी जाणे हा अर्थ रूढ झाला तो पुढे, मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात. कापड मळणाऱ्यासाठी ‘वेआल्केरे’ हा शब्द मात्र जुन्या इंग्रजीतच आढळतो. जर्मन ‘वाल्कन’ आणि डॅनिश ‘वाल्के’ यांचा अर्थ आजही कापड मळून दाट करणे असाच आहे, आणि त्यांत चालण्याचा मागमूसही नाही. पुढे पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी हे काम होऊ लागले (टेम्पलर या ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथाच्या ११८५ च्या मिळकत-पाहणीत अशा गिरणीची नोंद आहे), तरी उत्तरेत त्या गिरणीला वॉक-मिलच म्हणत राहिले. तेथे कोणाचा पाय कापडाला लागत नव्हता.

या शब्दाचे जे नाते मला सर्वाधिक आनंद देते, ते आपल्या घरातले आहे. संस्कृतात ‘वल्ग्’ धातू आहे: उसळणे, उड्या घेत जाणे, घोड्याने दौडणे. मराठीतली ‘वल्गना’ त्याचीच लेक, शब्दांची उसळी. आता ध्वनी पाहा. मूळच्या ‘ग’चा जर्मानिक भाषांत ‘क’ होतो. आपले ‘युग’, म्हणजे मूळचे जू, इंग्रजीत ‘योक’ होते ते याच नियमाने. त्याच नियमाने ‘वल्ग्’ समोर ‘वॉल्क’ ठेवून पाहावा. इंग्रजी उच्चारातून ‘ल’ गळला तरी लेखनात तो अजून टिकून आहे. काही व्युत्पत्तिकोश या नात्यापुढे ‘कदाचित’ लावतात आणि काही त्याचा उल्लेखच टाळतात. ध्वनी नियमाप्रमाणे जुळत असताना आणि लाटांचे उसळणे व घोड्याचे उसळणे इतके जवळचे असताना ही कंजुषी मला अनाठायी वाटते.

प्रदेशाच्या प्रश्नातून आणखी एक गैरसमज निकालात निघतो. काउएलच्या १६०७ च्या कायदेकोशात वॉकर म्हणजे राजाच्या जंगलाचा नेमून दिलेला भाग सांभाळणारा रक्षक असा अर्थ आहे, आणि त्यावर विसंबून अनेकांनी आडनावही जंगलातून काढले आहे. तसे असते तर जेथे न्यू फॉरेस्ट हे राजाचे जंगल होते त्या हॅम्पशरमध्ये ते यॉर्कशरइतकेच दाट दिसायला हवे होते. दिसते ते वेगळेच. एकाच धंद्याची तीन आडनावे इंग्लंडने प्रदेशवार वाटून घेतली आहेत. केंट, ससेक्स, सफोक, नॉरफोक या दक्षिण-पूर्वेकडच्या भागात फुलर. डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल या नैर्ऋत्येकडच्या भागात टकर. आणि यॉर्कशर, डर्बीशरपासून वर उत्तरेला वॉकर. आडनावे वंशपरंपरेने चालू लागली तेव्हा ज्या मुलखात धंद्याला जो शब्द होता, तोच घराण्याला चिकटला. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचे गाव आहे, तर स्कॉटलंडमध्ये वॉकमिल नावाच्या वस्त्या आहेत. कुळे पुढे सर्वत्र पांगली, तरी हा आराखडा पुसला गेला नाही.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ‘माक अन उखकदर’ असे गेलिक कुळनाव होते, अर्थ ‘कापड मळणाऱ्याचा मुलगा’. इंग्रजी नाव घेण्याची वेळ आली तेव्हा त्यांतल्या अनेकांनी वॉकर हेच नाव घेतले.