ग्रामसभेत सगळा वेळ योजनांवरच जातो, डोंगराचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून गोव्यात राहायला आलात, पहिल्यांदाच ग्रामसभेला बसलात. जवळजवळ सगळी सभा गृह आधार आणि दयानंद योजनेवर (गृहिणींना आणि ज्येष्ठांना दरमहा मिळणारे सरकारी पैसे) गेली. गावामागचा डोंगर कापला जातोय हा विषय शेवटी आला, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लोकांना हिरवाईची पर्वा नाही का, आणि अशा सभेला जाण्यात अर्थ आहे का?

मी डिचोली तालुक्यातला. आमच्याकडेही असंच होतं. तरी जा, आणि "पर्वा नाही" हे मात्र मनातून काढून टाका.

आधी योजनांचं बघा. गृह आधार २०१२ मध्ये पर्रीकरांच्या सरकारनं आणली. तेव्हा महिन्याला १,००० रुपये होते, पुढे १,५०० झाले. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे ज्येष्ठांना २,०००. पुण्याच्या पगाराला ही रक्कम चिल्लर वाटेल. गावातल्या बाईला ती गॅस सिलिंडर आणि औषधं आहे. पैसे दोन-तीन महिने थकतात आणि चतुर्थीच्या तोंडावर एकदम जमा होतात. मधूनच पडताळणी निघते: हयातीचा दाखला आणा, उत्पन्नाचा दाखला आणा (गृह आधारला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे), एकीकडून घेत असाल तर दुसरीकडून मिळणार नाही. नाव गळलं की का गळलं हे कुणी सांगत नाही. मग ती बाई विचारणार कुठे? पणजीला जाऊन महिला व बालविकास संचालनालयात रांग लावण्यापेक्षा समोर बसलेल्या सरपंचाला विचारणं सोपं. सरपंचाच्या हातात मात्र त्यातलं जवळपास काहीच नसतं. तो दाखला देतो, अर्ज पुढे पाठवतो. निर्णय खात्याचा.

डोंगराचंही तसंच आहे. जमीन बागायत की वस्तीक्षेत्र हे पंचायत ठरवत नाही, नगरनियोजन खातं ठरवतं. कुठली जमीन कशासाठी हे दाखवणारा पूर्वीचा प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. नंतरच्या २०२१ च्या आराखड्यासाठी गावागावांत नकाशे पाठवले गेले, लोकांनी शेतं, झरी, देवराया त्यावर दाखवल्या. गोव्याच्या नियोजनात गावाला एवढं विचारल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. पुढे कायदा बदलून त्याच आराखड्यातून पळवाटा काढल्या गेल्या. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं: आराखड्यात "नजरचुकीनं" चुकीचा विभाग दाखवला असेल तर एकेका सर्वे नंबरपुरती दुरुस्ती. नजरचुका इतक्या निघाल्या की मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्या कलमाचे नियमच रद्द केले. २०२४ मध्ये कलम ३९अ आलं. त्यात जमिनीचा विभाग बदलायचा प्रस्ताव जाहीर करून हरकतींना ३० दिवस ठेवले. राजपत्रात तुमच्या गावाचा सर्वे नंबर छापून येतो आणि गावात ते वाचणारा कुणी नसला तर तीस दिवस असेच निघून जातात.

म्हणजे दोन्ही विषयांत निर्णय पणजीला आणि ओरड गावात. या दोन विषयांना एकमेकांचे शत्रू मानलं की बिल्डरचं काम सोपं होतं. विषयपत्रिकेचा क्रम बघा: आधीच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, सरकारी परिपत्रकं, योजना, आणि डोंगर "अध्यक्षांच्या परवानगीनं येणाऱ्या विषयां"त. ज्यांना डोंगराची सगळ्यात जास्त गरज त्या बाया तोवर जेवणाची वेळ झाली म्हणून घरी गेलेल्या असतात. हो, गरज त्यांनाच. काजूच्या दिवसांत बोंडू वेचायला त्याच जातात, पहिल्या पावसात रोयणीवरची (वारुळावरची) अळमी, म्हणजे रानअळंबी, काढून रस्त्याकडेला विकतात त्याच, आणि वरची झर आटली की टँकरची वाट बघत बसतात त्याही त्याच. (टँकर कुणाचा, हे विचारू नका.) १,५०० रुपये आणि काजूचा डोंगर मिळून त्या घराचं वर्ष निघतं.

गाव दरवेळी "हिरव्या" बाजूनं असतो असंही नाही. सत्तरीत शेळ-मेळावलीला आयआयटीसाठी जागा दिली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांशी झटापट झाली आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना प्रकल्प तिथून मागे घ्यावा लागला. बाहेरच्यांनी ते जंगल वाचवणं म्हणून साजरं केलं. तिथल्या माणसांचा पहिला मुद्दा होता पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या काजूबागांची मालकी नावावर नसणं. त्याच सत्तरीत म्हादई व्याघ्र प्रकल्पाला गावांतून विरोध झाला, कारणही तेच: एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) नाव नसलेला माणूस आयआयटीला जसा घाबरतो तसाच वाघालाही. म्हणून सभेत उभे राहून "पर्यावरण वाचवा" म्हणू नका. नव्यानं आलेल्या माणसानं म्हटलं तर त्याचा उलटाच परिणाम होतो.

मग काय करायचं? डोंगर प्रत्यक्ष कापला जात असेल तर तो आराखड्याचा वाद नाही. नगरनियोजन कायद्याचं कलम १७अ डोंगरकापणी आणि सखल शेतात भराव घालणं परवानगीशिवाय बंद करतं, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर दंड १ कोटीपर्यंत जाऊ शकतो. तारीख दिसेल असे फोटो, सर्वे नंबर आणि लेखी तक्रार. तिची पोच घ्या. पंचायतीला द्या, नगरनियोजन खात्याला द्या, उपजिल्हाधिकाऱ्यांना द्या. नुसतं तोंडी सांगितलं तर "बघतो" एवढंच उत्तर येतं.

सभेआधी सचिवांकडे विषय लेखी द्या आणि तो वरच्या क्रमावर घ्यावा असं त्यात स्पष्ट लिहा. ठराव मोघम नको. "गावातील डोंगरांचे रक्षण करावे" या ओळीनं कुणाचं काही बिघडत नाही. सर्वे नंबर, झरीचं नाव, त्या पाण्यावर किती घरं आहेत, कोणत्या खात्यानं काय करायचं, हे सगळं घाला. ग्रामसभेचा ठराव कायद्याच्या चौकटीत पंचायतीवर बंधनकारक असतो. पणजीवर नसतो, पण हरकत नोंदवताना किंवा न्यायालयात जाताना तो जोडता येतो, आणि त्याला वजन येतं ते नेमकेपणामुळे. पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत ती झर आणि देवराई नोंदलेली आहे का तेही तपासा. बहुतेक गावांत वही असते, कपाटात.

अजून एक. त्याच सभेत एक दुसरा ठरावही मांडा: गळालेल्या लाभार्थ्यांची यादी कारणांसह खात्याकडून मागवून पंचायतीच्या फलकावर लावावी. तो तुम्ही नाही, स्वयंसाहाय्य गटातल्या एखाद्या बाईनं मांडला तर उत्तम. त्या बाया मग शेवटपर्यंत बसतील, कारण त्यांचा विषय आणि तुमचा विषय पाठोपाठ असेल. काही दिवसांनी इतिवृत्ताची प्रत मागा. नाही मिळाली तर माहिती हक्काखाली १० रुपये भरून अर्ज करा, कारण सभेत एक बोललं जातं आणि वहीत वेगळंच उतरतं, हे मी एकापेक्षा जास्त वेळा वाचलंय.